मदत हवी आहे : टीप वरून सरळ, खालून नुसता गुंता (काळं मशीन, मोटर बसवलेलं)

झबलेवाली

नमस्कार मंडळी. मावशीकडे बरीच वर्षं झाकून ठेवलेलं काळं शिलाई मशीन आता माझ्याकडे आलंय. मूळचं पायाचं, मावशीनेच कधीतरी मोटर बसवून घेतली. बहिणीला दिवाळीच्या सुमारास बाळ होणार आहे, तर जुन्या मलमलच्या साड्यांची झबली आणि लंगोट शिवायचं मनात आहे. क्लास वगैरे केलेला नाही, व्हिडिओ बघून शिकतेय.

वरून टीप बरी दिसते. कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. थोडं शिवून झालं की मशीन अडतं आणि कापड कात्रीने सोडवावं लागतं. खालच्या दोऱ्याच्या बॉबिनचाच दोष असणार म्हणून नवी बॉबिन केस आणली, काही फरक नाही. काठ दुमडून शिवताना मधले टाके उडतात. शिवाय मशीन फिरायला जड आहे. पेडल दाबलं की मोटर आधी नुसती गुणगुणते, मी चाकाला हात लावून ढकललं की मग फिरते.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने "भंगारात द्या, नवीन ऑटोमॅटिक घ्या" असा सल्ला दिला. खरंच तेवढं वाईट आहे का? मशीन चांगलं वजनदार, लोखंडी आहे, टाकवत नाही.

टाचणी

भंगारात अजिबात देऊ नका. अशा मशीनमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. दोन गोष्टी सांगा. वरचा दोरा ओवताना फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर असतो की खाली? आणि सुई कोणती लावली आहे?

झबलेवाली

फूट खालीच असतो, खाली असला की सुईचं भोक नीट दिसतं. सुई दुकानदाराने दिली ती. पाकिटावर १६ लिहिलंय.

कात्री_मेजरटेप

मग गुंत्याचं कारण मिळालं. खाली जाळं दिसलं की सगळे बॉबिनवर घसरतात, पण खाली लोंबणारा दोरा बहुतेक वेळा वरच्या रिळाचा असतो. खात्री करायची तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावा, मांजरपाटाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. खालच्या बाजूला लाल वेटोळी दिसली तर वरचा दोरा सैल. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा जास्त घट्ट.

तुमच्याकडे तो सैल का, तर फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या एकमेकींवर दाबलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही, नुसता वरून जातो. फूट वर केला की चकत्या उघडतात, तेव्हा ओवायचं. ओवून झाल्यावर फूट खाली करा आणि दोरा ओढून बघा, हाताला ताण लागला पाहिजे. लागला नाही तर पुन्हा ओवा, नॉब पिळत बसू नका. टेन्शनच्या तारेच्या स्प्रिंगमधून आणि वरखाली होणाऱ्या टेकअपच्या भोकातून दोरा गेलाय ना, तेही बघा. टेकअप सुटला तर पहिल्या दोन इंचांतच जाळं होतं.

शिवायला सुरुवात करताना टेकअप सगळ्यात वर हवा. दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाखालून मागे घेऊन पहिले काही टाके बोटाने धरून ठेवायची. चाकाचा वरचा भाग नेहमी तुमच्याकडे यायला हवा. मोटर गुणगुणत असताना तुम्ही हाताने ढकलता, तेव्हा चाक उलटं गेलं तर तिथेही दोरा अडकतो.

रिकामं_रीळ

बॉबिन केसवरचा छोटा स्क्रू जरा सैल करून बघा, माझं त्याने सुटलं होतं.

कात्री_मेजरटेप

कृपया आत्ता नको. वरचं सगळं बरोबर झाल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावला की दोन्हीकडचं बिघडतं आणि मग मेकॅनिकलाही शोधत बसावं लागतं. तपासायचंच असेल तर भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याने लटकवा. तशीच राहिली आणि हाताला हलका झटका दिल्यावर थोडी खाली सरकली, तर ताण ठीक आहे. सरसर खाली आली तर सैल. फिरवलाच तर स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही.

टाचणी

आता सुई. मलमलला १६ नंबर म्हणजे सतरंजी शिवायचा दाभण. ११ नंबर आणा. ब्लाऊजच्या सुती कापडाला १४ चालते. १६-१८ जीन्स आणि जाड कापडासाठी ठेवा.

त्याहून महत्त्वाचं, सुईचा दांडा बघा. घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची सुई लागते, शिंप्यांच्या टेलर मॉडेलला पूर्ण गोल दांड्याची. दोन्हींची लांबी-जाडी वेगळी असते. गोलवाली घरगुती मशीनमध्ये कशीबशी बसते, पण शटलचं (बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या भागाचं) टोक दोऱ्याचा फास पकडू शकत नाही आणि टाका उडतो. दुकानात जुनी सुई दाखवूनच नवी घ्या. बसवताना प्लग काढून ठेवा, सुई टेकेपर्यंत वर ढकला, मग स्क्रू आवळा. सुईवर लांब खाच ज्या बाजूला असते त्याच बाजूने दोरा ओवायचा.

झबलेवाली

दांडा गोल आहे! मावशीच्या डब्यात एक जुनी सुई सापडली, ती चपटी. फूट वर करून ओवलं तर गुंता गेला, लाल-पांढऱ्याची टीप दोन्ही बाजूंनी छान आली. ११ नंबर उद्या आणते. पण मोटर अजून तशीच. मावशी मशीनला खोबरेल तेल घालायची म्हणे.

काकूंची_शिवण

अगं, खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षानुवर्षं राहिलं की चिकटा होतो. मशीनला फक्त मशीनचं पातळ पांढरं तेल. आधी मोटरचा पट्टा काढ आणि चाक हाताने फिरव. हलकं फिरलं तर दोष मोटरचा किंवा जास्त ताणलेल्या पट्ट्याचा. पट्टा बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर आत गेला पाहिजे. जड फिरलं तर चिकटा मशीनमध्येच आहे.

मग बॉबिन केस काढून शटल बाहेर घे. काही मशीनला त्यासाठी दोन खिट्ट्या असतात, काहींना स्क्रू. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेव, नाहीतर शटल धरून ठेवणारी कडी उलटी बसते. आत दोऱ्याचे तुकडे आणि लव अडकलेली असेल, ती टूथब्रशने काढ. तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडून चाक हाताने फिरवत राहा, काळं पाणी येईल. पुसून घे, रॉकेलचा वास पूर्ण गेला की प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचे दोन थेंब, शटलच्या कडीत एक. मोटरमध्ये तेल अजिबात नाही. हे सगळं झाल्यावर आधी चिंधीवर टीप मार, बाळाच्या कपड्याला डाग पडायला नको.

आणि मोटर गुणगुणत असताना पेडल दाबून धरू नको, मोटर जळते.

झबलेवाली

पट्टा काढून बघितला, चाक जड फिरतंय, म्हणजे मशीनच. शटलमधून हिरव्या दोऱ्याची गुंडाळीच निघाली. रॉकेल मिळवणं आजकाल कठीण आहे, शेजाऱ्यांकडे विचारते. तोवर एक शंका, मलमलची कड सुरुवातीलाच सुईखालच्या प्लेटच्या भोकात ओढली जाते, त्याला काय करू?

टाचणी

बारीक सुईने निम्मं कमी होईल. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत सुरू करा, किंवा खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. झबल्याला मात्र कोरा पातळ कागद घ्या, शाई लागते.