मदत हवी आहे: बाबांच्या ओठाचा रिपोर्ट आला, 'डिस्प्लेसिया' म्हणजे कॅन्सर का?

आर्वीकर:
बाबांच्या ओठाचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट परवा मिळाला. 'ॲक्टिनिक चायलायटिस, मॉडरेट डिस्प्लेसिया, सोलर इलॅस्टोसिस' असं लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, ओठाची साल काढावी लागेल, आणि पुढचा पेशंट बोलावला. बाबा म्हणतात कापूस निघाल्यावर पाहू. सीतादही (वेचणीआधीची पूजा) आत्ताच झाली, वेचणीला बाया मिळत नाहीत, त्यांचंही खरं आहे. मला एवढंच सांगा: कॅन्सर आहे की नाही? फेब्रुवारीपर्यंत थांबलं तर चालेल का? लवकर सांगा, आई दोन दिवसांपासून नीट जेवली नाही.

काळी_माती:
वय काय? कोणता ओठ? कधीपासून? खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात का? तुम्ही तर काहीच लिहिलं नाही भाऊ.

मंदाताई:
रात्री झोपताना बेंबीत तेल आणि ओठाला गाईचं तूप. माझ्या सासऱ्यांचे ओठ आठ दिवसांत मऊ झाले. कापाकापीच्या मागे लागू नका.

आर्वीकर:
वय ६१. खालचा ओठ. चार-पाच वर्षांपासून साल निघते, पुन्हा धरते. खर्रा सोडून बारा वर्षं झाली. ताई, तूप आम्ही दोन वर्षं लावलं.

दातांची_डॉक्टर:
रिपोर्टमध्ये एवढंच असेल तर तपासलेल्या तुकड्यात आज कॅन्सर नाही. पण हे नुसतं ओठ फुटणंही नाही; ॲक्टिनिक चायलायटिस म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हानं ओठ बिघडणं. वरच्या ओठाला नाकाची थोडी सावली मिळते, खालचा ओठ वळचणीबाहेर राहतो. तिथली कातडी पातळ, उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्यही कमी. ठिबकची नळी चार उन्हाळे वावरात उघडी राहिली की कशी कडक होऊन चिरते? तसे ओठाच्या आतले लवचीक धागे उन्हानं बिघडतात, ते सोलर इलॅस्टोसिस. त्यावरच्या थरातल्या पेशींचा आकार आणि रांग बिघडली की डिस्प्लेसिया. या पेशी खालचा पडदा ओलांडून आत शिरल्या की त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात, तो कॅन्सर. प्रत्येकाचं तिथवर जात नाही, पण कोणाचं जाईल ते आधी ओळखता येत नाही. आणि उन्हानं कातडीवर इतरत्र होणाऱ्या याच जातीच्या कॅन्सरपेक्षा ओठाचा मानेतल्या गाठींकडे जास्त वेळा जातो.
तुकडा ओठाच्या कोणत्या भागातून घेतला? कुठे कडक लागतं का? रक्त येतं का? हनुवटीखाली गाठ आहे का?

वऱ्हाडी_गडी:
तुकडा काढाले नाही पायजे होता. हात लावला की पसरते. माह्या मावसभावाचं तसंच झालं, तीन महिन्यांत गेला.

दातांची_डॉक्टर:
भाऊ, तुमच्या घरचं दुःख मोठं आहे. पण तुकडा काढल्यानं ओठाचा कॅन्सर पसरत नाही. या भीतीनं लोक उशिरा येतात, तोवर आजार पुढे गेलेला असतो.

वऱ्हाडी_गडी:
आमी डोळ्यानं पाह्यलं. आन् ऊन ऊन काय लावलं? उन्हात तर सारेच राह्यतात. हे सारं खर्र्याचं हाये.

काळी_माती:
खर्रा आतून जाळतो, गालात अन् ओठाच्या खोबणीत. ह्यांचं बाहेरच्या लाल भागावर आहे. माझ्या काकांनी जन्मात खर्रा खाल्ला नाही, तरी त्यांना हेच निघालं. टोपीला पुढे कड नसते, सगळं ऊन तोंडावर. आता फवारणीलाही दुपट्टा बांधून जातात. तिकडे यंदा बोंडअळी किती आहे?

रश्मी_यवतमाळ:
माझे ओठ लिपस्टिकनं काळे पडलेत. कोणतं मलम चांगलं?

दातांची_डॉक्टर:
ऊन की खर्रा, तुम्हा दोघांचंही खरं आहे. ऊन मुख्य, तंबाखू त्यात भर घालते. पण आर्वीकर, तुकड्याचं सांगा.

आर्वीकर:
डाव्या कोपऱ्यातून घेतला, तिथे पांढरा चट्टा होता. तुम्ही विचारलं म्हणून आत्ता बॅटरी लावून, बोटानं दाबून पाहिलं. मधोमध तुरीच्या दाण्याएवढं कडक लागतंय, वर खपली आहे. बाबा म्हणतात महिनाभरापासून चहा तिथेच झोंबतो. आम्हाला सांगितलं नव्हतं. गाठ काही लागली नाही.

दातांची_डॉक्टर:
मग हा रिपोर्ट त्या जागेचा नाही. उन्हानं सगळा ओठ बिघडलेला असतो, एका कोपऱ्यातला तुकडा मधल्या जागेबद्दल सांगू शकत नाही. फेब्रुवारी नाही, याच आठवड्यात दाखवा आणि मधला तुकडा तपासायला सांगा. सेवाग्रामचं रुग्णालय तुम्हाला जवळ. नाहीतर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. पहिल्या तुकड्याची काच (स्लाइड) मागून सोबत न्या. मध्ये काही निघालं नाही तर साल काढणं एवढंच: वरचा लाल थर काढून आतला ओला पडदा पुढे ओढून शिवतात. कधी मलमावर किंवा लेझरवरही भागतं.

काळी_माती:
रेशन कार्ड आणि आधार घ्या. फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. वेचणीचं बाबांना सांगा, आमच्या टोळीतल्या चार बाया सोमवारपासून मोकळ्या आहेत. मेसेज करा.

आर्वीकर:
बाबा तयार झाले. बाया येतील म्हटल्यावर 'बरं' म्हणाले. उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. उपाशीपोटी न्यायचं का?

दातांची_डॉक्टर:
नाही, जेवू घालून न्या. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तिथे आधी सांगा. आईंनाही जेवायला लावा.