पेठेतले संस्कार आणि पाळणाघर

नवा नगरसेवक पेठेतल्या चाळीत वाढलाय, त्याला कष्टकऱ्यांची जाण असणारच, असं काही जण म्हणतात, ते पटलं. पण नुसती जाण पुरत नाही, तिचं काहीतरी उभं राहावं लागतं. याच पुणे शहरात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ओझी वाहणाऱ्याला परवडेल असं ताजं जेवण मिळावं म्हणून. माझे वडील हमालच. तिथली झुणका-भाकर त्यांची रोजची.

मला आता पाळणाघर हवंय. आई मिरचीच्या गाळ्यावर देठं खुडायला जायची तेव्हा धाकटा भाऊ शेजारी पोत्यावर निजलेला असायचा, शिंकून शिंकून डोळे लालभडक. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवंच, अशी तरतूद २०१७ मध्ये कायद्यात आली. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? प्रभागात महापालिकेचं एक तरी पाळणाघर, सकाळी सात ते संध्याकाळी सात, एवढी मागणी नगरसेवकाला लेखी देऊया. सह्या गोळा करायला मी आमच्या गल्लीतून सुरुवात करतो.