जायफळाला फुलं भरपूर, फळ एकही नाही

प्रश्न: नारळाच्या बागेत बियांपासून केलेली जायफळाची सहा झाडं आहेत, आठवं वर्ष. चार झाडांवर फुलं लागतात आणि गळून जातात. खत-पाणी वेळेवर आहे. ही नर समजून तोडायची का?

उत्तर 1: खताचा दोष नाही. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फूल येईपर्यंत खात्रीनं कळत नाही. ताजं फूल ब्लेडनं उभं कापा. आत परागकोशांचा सरळ दांडा दिसला तर नर, फुगीर बीजांडकोश दिसला तर मादी. नराची फुलं घोसात आणि सडपातळ, मादीची एकेकटी किंवा दोन-तीन, बुडाशी फुगलेली.

उत्तर 2: सगळे नर मुळीच तोडू नका! दहा माद्यांमागे एक नर लागतो, तुम्हाला एक पुरे. बाकीचे नर छाटून नव्या धुमाऱ्यांवर मादीचं कलम करा. काडी मात्र उभ्या वाढणाऱ्या फांदीचीच हवी. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड सरळ न वाढता झुडपासारखं पसरतं. नवी लागवड करायची तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण संयुक्ता' बघा, तिच्या एकाच झाडावर दोन्ही फुलं येतात.

प्रश्नकर्ता: आभार. पावसात आळ्यात पाणी साचतं. रानातलं जायफळ तर पाण्यातच वाढतं, म्हणून चर काढला नाही. चालेल ना?

उत्तर 3: नाही, चर आधी काढा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं पाणथळ राईत उभं असतं ते याच कुळातलं, पण वेगळं झाड. त्याची मुळं पाण्याच्या वर येऊन हवा घेतात. आपलं मसाल्याचं जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. त्याला सावली आणि ओल हवी, पण पाणी तुंबलं की मुळं कुजतात. साल खरवडली की लाल चीक येतो, बीवर जायपत्रीचं वेष्टण असतं, या खुणा दोघांच्याही. म्हणून घोटाळा होतो. रामपत्री ही रानटी जातही याच कुळातली. तिला जायपत्रीचा वास नाही, तरी जायपत्रीच्या भेसळीत तीच येते.

फळं धरली की उकलल्यावरच काढा. जायपत्री हातानं सोलून, चपटी करून वेगळी वाळवा. बी कवचात खुळखुळेपर्यंत मंद उन्हात ठेवा. 45 अंशांवर उष्णता गेली तर आतली चरबी वितळते. वरची जाड साल टाकू नका, लोणचं आणि मुरंबा उत्तम होतो.