‘मोघम’ आणि ‘संदिग्ध’ एकच का?

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)
आमच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचा, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेचा, विषय निघाला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’ कोणी करायची, कधीपर्यंत, कशातून, काही नाही. मी म्हटलं, ठराव मोघम आहे. तर उत्तर मिळालं, ‘संदिग्ध म्हणा, मोघममध्ये आरोप येतो.’

आरोप येतो म्हणूनच मला तो शब्द हवा. संदिग्ध वाक्य नकळतही होतं. ‘सरपंचांनी सचिवांना त्यांच्या घरी बोलावलं’, यात घर कोणाचं ते कळत नाही, पण लिहिणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. मोघम बोलणाऱ्याला मात्र नेमकं माहीत असतं आणि ते सांगायचं नसतं. जून 2017 मध्ये कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकषांसह’ हे तिन्ही शब्द एकत्र ऐकले. सरसकट असेल तर निकष कशाचे? कास्तकारानं ‘सरसकट’ तेवढं ऐकलं. पुढे शासन निर्णयात दीड लाखाची मर्यादा आली.

जुने मास्तर
याला आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ आहे की. मोघमवर कशाला भार टाकता?

पांदणवाट
नाही मास्तर. द्रोणपर्वात धर्मराज ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्यानं बोलतो आणि ‘हत्ती’ एवढंच पुटपुटतो. द्रोणाचार्यांना एकच अर्थ पोचावा आणि तो खोटा असावा, अशी ती योजना. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्याच वेळी खाली टेकला. मोघम बोलणारा खोटं बोलत नाही. तो दोन्ही दारं उघडी ठेवतो, म्हणून त्याला धरता येत नाही.

वऱ्हाडी काकू
भाऊ, सगळंच मोघम वाईट नसते. पोरगी पाहून गेलेले लोक ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात. समदं समजते का नकार हाय. पण पोरीच्या बापाले चारचौघात ‘नाही’ आयकावं लागत नाही. तुमच्या नेमक्या बोलण्यानं त्याले काय भेटलं असतं?

पांदणवाट
काकू, तिथं मोघम बोललेलं दोघांनाही समजतं. ठरावात ते एकालाच समजतं, आणि ज्याची बैलबंडी चिखलात फसते त्याला समजत नाही.

माजी सचिव
टेबलाच्या या बाजूनंही पाहा. निधी वरून येणार, कधी येणार ते आम्हाला कोणी सांगत नाही. ‘मार्चपर्यंत रस्ता करणे’ लिहिलं आणि पैसा आला नाही, तर लेखापरीक्षणात खुलासा आम्ही द्यायचा आणि गावात शिव्याही आम्हीच खायच्या. ‘योग्य ती कार्यवाही’ ही लबाडी नाही, बचाव आहे. खालच्या माणसाकडे तेवढाच असतो.

पांदणवाट
अडचण खरी आहे, सचिवसाहेब. पण मग ‘निधी मिळाल्यास अमुक गटापासून तमुक गटापर्यंत मुरूम टाकणे’ असं लिहा ना. अट घालणं म्हणजे मोघम नव्हे. त्यात तुमचाही बचाव आहे, आणि निधी आला की आम्हाला बोट ठेवायला जागा राहते.

जुने मास्तर
तरी मोघममध्ये हेतू असतोच, हे मला पटत नाही. कापूस किती होईल विचारलं तर शेतकरी ‘होईल एकरी सात-आठ क्विंटल’ म्हणतो. हेही मोघमच. यात कोणती लपवाछपवी?

पांदणवाट
त्याला मी अंदाज म्हणेन. सात-आठ म्हणणारा माणूस आकडा देऊन मोकळा होतो, उद्या तुम्ही त्याला विचारू शकता. तोच ‘बरा होईल’ म्हणाला असता, तर ते मोघम.

जुने मास्तर
‘बरा होईल’ म्हणणाऱ्याला खरंच माहीत नसेल तर? बोंडअळी, पाऊस, सगळं त्याच्या हाताबाहेरचं आहे. तुमची व्याख्या त्याच्यावर अन्याय करते.

वऱ्हाडी काकू
ते चालू द्या तुमचं. पन पुढच्या ग्रामसभेत सही कराच्या आधी इतिवृत्त वाचून दाखवा म्हना. आमच्या बाया आंगठा देतात, त्याईले कोन वाचून दाखवते?