पावसाळ्यात नाल्यातला विषाणू खरंच कमी होतो का? (बेळगाव)

मार्कंडेय_काठ
नमस्कार. बेळगाव शहरात दोन ठिकाणी, एक उघडा नाला आणि एक बंद ड्रेनेजचा मॅनहोल, आठवड्याला एकेक नमुना घेतला जातो. नोरो, रोटा, हिपॅटायटिस ए व ई आणि कोविड हे विषाणू पीसीआरवर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीवर) पाहतो. मार्चपर्यंत आकडे सरळ असतात. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर एखादा नमुना एकदम चढतो. मग मिरग लागून पाऊस धरला की सीटी (विषाणू दिसेपर्यंत लागणाऱ्या पीसीआरच्या फेऱ्या) दोन-तीनने वाढतो, म्हणजे विषाणू घटल्यासारखा दिसतो. दवाखान्यांत मात्र त्याच दिवसांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढलेले असतात. ऊन, थंडी, पाऊस यांपैकी कशाचा किती परिणाम धरायचा?

नाला_मोजणी
आधी प्रवाह मोजा. प्रवाहाशिवाय पावसाळ्यातला आकडा वाचताच येत नाही. पाणी दुप्पट झालं की सीटी १ ने वाढतो, चौपट झालं की २ ने. तुमचा दोन-तीनचा फरक नुसत्या पावसाच्या पाण्यानेही पडू शकतो.

हिशेबासाठी आकडे धरून बघू. कोरड्या दिवशी प्रवाह १० एमएलडी (दिवसाला १० दशलक्ष लिटर) आणि लिटरमागे विषाणूच्या २ लाख प्रती, म्हणजे दिवसाला २ लाख कोटी. पावसात प्रवाह ४० एमएलडी आणि लिटरमागे ६० हजार, म्हणजे २.४ लाख कोटी. लिटरमागचा आकडा ७० टक्के पडला, पण शहरातून बाहेर पडणारा विषाणू २० टक्के वाढला. आलेखावर हा दिवसाचा एकूण आकडाच काढा.

उघड्या नाल्यात मीटर नसतो, तिथे तरंगत्या वस्तूने मोजा. सरळ, गवत नसलेला १० मीटरचा पट्टा निवडा, अर्धी भरलेली बाटली सोडा, किमान तीनदा वेळ घ्या. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणायचा, मग रुंदी आणि खोलीने. रुंदी २.५ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, वेळ २० सेकंद असेल तर सेकंदाला सुमारे ०.३२ घनमीटर, म्हणजे साधारण २७.५ एमएलडी. खोली एकाच जागी मोजू नका; काठाला गाळ असतो, किमान पाच ठिकाणी काठी लावा. नाला फुगलेला असताना कुणालाही आत उतरवू नका, त्या दिवशी पुलावरून फक्त पातळी टिपा.

सूक्ष्मजीव_टिळकवाडी
वळवाचा चढ गाळामुळे असू शकतो. उन्हाळ्यात प्रवाह मंद असतो, घाण तळाशी बसते. विषाणू घन कणांना चिकटतात, चरबीचं आवरण असलेले (कोविड, फ्लू) जास्तच. पहिली जोरदार सर हा साठा उपसून आणते. त्यामुळे पहिल्या तासाचा नमुना आणि चार तासांनंतरचा नमुना हे दोन वेगळे नमुने आहेत. बाटलीवर तारखेसोबत वेळ, मागच्या २४ आणि ७२ तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये, पाण्याचं तापमान आणि विद्युतवाहकता लिहाच. नमुना साफ करताना खाली बसलेला गाळ फेकत असाल तर निम्मी माहिती फेकताय. गाळाचा आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) वेगळा काढा.

आता मातीचा प्रश्न. पावसाचं पाणी मातीतली ह्युमिक आम्लं घेऊन येतं आणि ती पीसीआर दाबतात. आरएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. सीटी सुमारे ३.३ ने वाढायला हवा. एक-दीडनेच वाढला तर अभिक्रिया दबलेली आहे. तेव्हा पातळ केलेल्या नमुन्याचा आकडा धरा किंवा अभिक्रियेत बीएसए (हा दाब कमी करणारं प्रथिन) घाला. जूननंतर ही तपासणी प्रत्येक नमुन्याला करावी.

उन्हाबद्दल: कोविडचा आरएनए कच्च्या सांडपाण्यात ९० टक्के घटायला ४ अंशांना सुमारे २८ दिवस लागतात, ३७ अंशांना सुमारे ८. शहरातलं पाणी काही तासांत पुढे जातं, तेव्हा ‘उकाड्याने विषाणू मेला म्हणून आकडा पडला’ हे कारण टिकत नाही. जिवंत विषाणू उन्हात लवकर मरतो, पण पीसीआरला मेलेल्याचा आरएनएही दिसतो. उन्हाळ्यात खरं नुकसान गाडीच्या डिकीत होतं. बाटली काढल्या काढल्या बर्फाच्या पेटीत, मग ४ अंशांना, ७२ तासांच्या आत काम पूर्ण. गोठवून पुन्हा वितळवू नका.

खानापूर_पाऊसमापक
आपल्याकडची एक गोष्ट राहिली. बऱ्याच घरांना शौचखड्डे आहेत. उन्हाळ्यात त्यांतलं पाणी जमिनीत मुरतं. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डे तुंबून गटारात वाहतात. म्हणजे नाल्यात विष्ठा पोचवणारी माणसंच बदलतात, आणि दरडोई हिशेब उन्हाळ्याच्याच लोकसंख्येने केला तर चुकतो. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी असतात, तेही धरा.

साथीच्या काळात गटारांवर ब्लीचिंग पावडर टाकतात. तिचा क्लोरीन नमुन्यात मारायला निर्जंतुक बाटलीत आधीच १० टक्के सोडियम थायोसल्फेट घालून ठेवा, लिटरला १ मिली. पावडर टाकलेल्या जागेच्या वरच्या अंगाला नमुना घेतलेला उत्तम.

मार्कंडेय_काठ
मॅनहोलवर प्रवाह मोजणं शक्य नाही. तिथे मिरचीच्या विषाणूने, म्हणजे पेपर माइल्ड मॉटल व्हायरसने भागेल का?

सूक्ष्मजीव_टिळकवाडी
भागतं, बऱ्याच अंशी. तो मिरचीच्या खाण्यातून पोटात जातो आणि विष्ठेतून भरपूर बाहेर पडतो. संकेश्वरी मिरची खाणाऱ्या भागात त्याची वाण पडणार नाही. तुमच्या विषाणूच्या आकड्याला त्याच्या आकड्याने भागा. दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ होतात, त्यामुळे पावसाचा परिणाम बराच निघून जातो. पण मॅनहोलच्या वरच्या अंगाला भाजी मार्केट किंवा मसाला कांडप असेल तर तो माणसांशिवायही येतो. पहिल्या पावसात असा कचरा धुऊन आला की भागाकार खोटाच खाली जातो. जोडीला विद्युतवाहकता आणि अमोनिया बघा. दोन्ही पडले (म्हणजे सांडपाणी पातळ झालं) आणि तरी मिरचीचा विषाणू चढला तर त्या दिवशीचा भागाकार वापरू नका.

नाला_मोजणी
काविळीसाठी एक भर. हिपॅटायटिस ए लागणीपासून आजारापर्यंत सरासरी २८ दिवस घेतो, ई पाच-सहा आठवडे, आणि विष्ठेत विषाणू कावीळ दिसण्याआधीच येऊ लागतो. म्हणून नाल्यातली वाढ त्याच आठवड्याच्या रुग्णांशी ताडू नका, आलेख दोन-तीन आठवडे पुढे सरकवून बघा. वाढ दिसली की त्या भागातल्या नळांचं पाणी लगेच तपासून घ्या. पाणी दिवसाआड सुटतं तिथे मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, आणि गळका सांधा गटारात बुडालेला असेल तर घाण आत ओढली जाते. नमुना पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांतला घ्या. नंतरच्या पाण्यात ती घाण धुऊन गेलेली असते.