किडनीच्या कॅन्सरमध्ये ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणं बरोबर आहे का?

खारघरची_बाई: बाबांची डावी किडनी गाठीमुळे काढली. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण चूर्ण नाहीतर काढा घेऊन येतो. ‘प्रतिकारशक्ती वाढली की झालं!’ मी जीवशास्त्र शिकवते. या आजारात हा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणूनच धोक्याचा, असं माझं ठाम मत आहे. प्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देतात ते सायटोकाइन नावाच्या प्रथिनांतून. टीएनएफ-अल्फा, आयएल-६, टीजीएफ-बीटा ही त्यांतलीच. प्रयोगशाळेत किडनीच्या कॅन्सरपेशींना टीएनएफ-अल्फा दिलं की पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारं ई-कॅडहेरिन घटतं, सरकत्या पेशींत आढळणारं व्हायमेंटिन हे प्रथिन वाढतं. पेशी लांबट होतात, सुट्या होऊन सरकायला लागतात. पसरण्याची तयारीच ती. निरोप आपला, फायदा गाठीचा.

नौपाडेकर: बाई, नाही पटत. माझ्या मेव्हण्याला याच आजारावर निवोलुमॅब चालू आहे, फुप्फुसातल्या गाठी आकसल्यात. ते औषध प्रतिकारशक्तीच मोकळी करतं ना? आयएल-२ हेही सायटोकाइनच. अमेरिकेत १९९२ सालीच या कॅन्सरवर त्याला मंजुरी मिळाली आणि मोजक्या का होईना, काही रुग्णांचा आजार वर्षानुवर्षं परतला नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवरून जिवंत माणसाचं ठरवू नका.

खारघरची_बाई: निवोलुमॅब टी-पेशी या हल्लेखोर प्रतिकारक पेशींवरचा पीडी-१ हा एकच ब्रेक सोडवतं. सरसकट ‘वाढवणं’ वेगळं. आयएल-२च्या मोठ्या डोसने रक्तदाब कोसळायचा, म्हणून ते कडक देखरेखीखालीच द्यावं लागे. आणखी एक, बशीबाहेरचं: बऱ्याच कॅन्सरमध्ये गाठीत टी-पेशी जास्त दिसणं हे सुचिन्ह, पण किडनीच्या कॅन्सरच्या क्लिअर सेल या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात बहुतेकदा उलटं आढळलंय. गर्दी असते, पण थकलेल्या पेशींची.

घोडबंदर_रात्रपाळी: कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. इम्युनोथेरपी चालू असताना एका काकांचे लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. औषधाने प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटली की आणखी काही, कळेना. इंजेक्शन थांबवलं, स्टेरॉइड सुरू केलं. चौथ्या दिवशी काकूंनी पिशवीतून चूर्णाचा डबा काढला. घरचे रागावतील म्हणून लपवला होता. कृपा करून डॉक्टरांना सगळं सांगा.

नौपाडेकर: चूर्णाचं मान्य, ताई. मेव्हण्याला आजच विचारतो. पण बाई, शीर्षक बदला. पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या रात्री तो मला हेच विचारत होता, ‘प्रतिकारशक्तीच वैरी झाली तर?’ त्याने तेव्हा हा धागा वाचला असता, तर इंजेक्शन घ्यायला गेलाच नसता.