अनुभव धागा: डायल-अप मोडेमने फोन आपला आपण उचलावा म्हणून

लांबचा राउटर, हवामान केंद्र, पंपाचा नियंत्रक... इंटरनेट बंद पडलं तरी आत शिरायला एक वाट हवी, तिथे टेलिफोन लाइनवरचा मोडेम अजूनही उपयोगी पडतो. ज्यांनी असे मोडेम लावले आहेत त्यांनी सेटिंग, अडचण आणि उपाय नेमके लिहावेत.

*

सुरुवात एस० रजिस्टरपासून (मोडेममधला सेटिंगचा एक कप्पा). टर्मिनल प्रोग्राममधून एटी पाठवा (मोडेमच्या आज्ञा याच अक्षरांनी सुरू होतात), ओके आलं की एटी&एफ देऊन कंपनीची मूळ सेटिंग आणा. मग एटीएस०=१. आकडा म्हणजे कितव्या रिंगला उचलायचं; ० म्हणजे उचलायचंच नाही. एटीएस०? विचारलं की ००१ दिसायला हवं. शेवटी एटी&डब्ल्यू. सेटिंग जतन होते ती याने. हे राहिलं तर वीज गेली की एस० पुन्हा जुन्या आकड्यावर, आणि ते कळतं ऐन गरजेच्या वेळी.

मी एस०=२ ठेवतो. बऱ्याच ठिकाणी कॉलरचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो. पहिल्याच रिंगला उचललं तर तो मिळत नाही.

*

एस० बरोबर असूनही नुसत्या रिंग वाजत राहतात, तेव्हा डीटीआर बघा, म्हणजे ‘मी तयार आहे’ असं कॉम्प्युटर मोडेमला ज्या तारेवरून कळवतो तो सिग्नल. &डी२ (मोडेमने डीटीआर पाळायचा) असेल आणि कॉम्प्युटरवर मोडेमचं पोर्ट कोणी उघडलेलं नसेल, तर डीटीआर खाली असतो आणि मोडेम फोन उचलत नाही. तीन तारांची केबल लावली तरी तेच होतं, कारण डीटीआरची तारच नसते (९ पिनांच्या पोर्टवर पिन ४).

अनेकजण इथे &डी० देऊन मोकळे होतात. मग मोडेम डीटीआरकडे बघतच नाही. उचलायला लागतो खरा, पण मग डीटीआर खाली पाडून कॉल तोडता येत नाही, आणि एखादा कॉल लटकला की लाइन अडकून बसते. माझं ठाम मत: केबल बदला, &डी२ आणि &सी१ ठेवा. &सी१ असेल तर डीसीडी, म्हणजे ‘लाइन जोडलेली आहे’ हा मोडेमचा सिग्नल (पिन १), खरोखर कॅरिअर (समोरच्या मोडेमचा आवाज) असतानाच वर राहतो. लाइन तुटल्याचं यंत्राला कळतं आणि ते लॉगिन बंद करतं. हे नसेल तर आधीच्या माणसाचं उघडं लॉगिन पुढच्या कॉलरच्या हाती लागतं. राउटरच्या कन्सोल पोर्टला (थेट केबल लावून आत शिरायची जागा) मोडेम लावण्यात हाच धोका आहे. ऑक्स पोर्ट (मोडेमसाठीचं जादा पोर्ट) असेल तर तोच वापरा.

*

वरच्यात भर. ई० (एको, म्हणजे आलेली अक्षरं परत पाठवणं, बंद) आणि क्यू१ (ओके वगैरे उत्तरं बंद) विसरू नका. एको चालू असेल तर यंत्राने पाठवलेला ‘लॉगिन’ मोडेम त्यालाच परत पाठवतो, यंत्र ते नाव समजून पासवर्ड मागतं, आणि दोघांचं न संपणारं संभाषण सुरू होतं. क्यू१ बाकी सगळ्या सेटिंगनंतर, जतन करायच्या आज्ञेच्या अगदी आधी द्या. त्यानंतर ओके येत नाही, म्हणून मोडेम बिघडला असं समजू नका.

*

लिनक्सवर एमगेटी (फोनवरून लॉगिन देणारी सेवा) असेल तर उलटं: एस०=०. ती ‘रिंग’ वाचून स्वतः एटीए (फोन उचलायची आज्ञा) पाठवते. फायदा मोठा आहे. मशीन गोठलं असेल तर फोन उचललाच जात नाही, कॉलर मुक्या कॅरिअरशी झगडत बसत नाही. क्यू१ मात्र इथे चालणार नाही, ‘रिंग’च दिसणार नाही.

*

वेग: मोडेम पोर्टशी त्याच वेगाने बोलतो ज्या वेगाने शेवटची एटी आज्ञा आली. सेटिंग ९६०० वर केली आणि पोर्ट ३८४०० वर उघडलं की कचरा अक्षरं. ज्या वेगाने चालवायचं त्याच वेगाने सेटिंग करा.

दोन्ही टोकांना साधी ॲनालॉग लाइन असेल तर ५६के मोडेम असूनही कमाल ३३.६ केबीपीएस. ५६केला उचलणारी बाजू डिजिटल लाइनवर लागते.

*

लाइनवरची व्हॉइसमेल बंद करा, नाहीतर एस०=५ वगैरे ठेवल्यास ती आधी उचलते. कॉल वेटिंगही बंद. त्याच्या टोनने चालू जोडणी तुटते. व्हॉइप अडॅप्टरवर (इंटरनेटवरून फोन चालवणारी डबी) जी.७११ कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) सक्तीचा करा आणि मोडेमचा वेग १४४०० किंवा त्याखाली बांधा. आवाज दाबून लहान करणारे कोडेक मोडेमचा सिग्नल मोडून टाकतात.

*

यूएस रोबोटिक्स स्पोर्ट्सस्टरवर डिप स्विच ५ (छोट्या स्विचांच्या रांगेतला पाचवा) ऑटो आन्सरचा, म्हणजे फोन आपोआप उचलण्याचा आहे. पुढचा एए (ऑटो आन्सर) दिवा लागला नसेल तर आधी तिथे बघा, मग आज्ञांकडे वळा.